विचारा की : गुडघे दुखतात, पण झाडं बघायचीयत

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. आईबाबा साताऱ्याहून जूनमध्ये पहिल्यांदाच येतायत. बाबा फॉरेस्ट खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांनी आत्तापासूनच फोनवर धोशा लावलाय की बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल पण ती रेडवूडची उंचच उंच झाडं दाखव. दोघांचेही गुडघे दुखतात, आईला वळणांवर गाडी लागते. एका शनिवारी म्युअर वूड्स, बिग बेसिन आणि वरचं रेडवूड नॅशनल पार्क असं तिन्ही होईल का? नवरा म्हणतो होईल.
– फ्रीमाँटची एक वाचक

उत्तर : नवऱ्याला आधी नकाशा दाखवा. वरचं नॅशनल पार्क म्हणजे पार ओरिगनच्या सीमेजवळ, सॅन फ्रान्सिस्कोहूनच साडेपाच-सहा तास लागतात, तिकडे दोन मुक्काम तरी हवेत. बिग बेसिनही या खेपेला सोडा असं मी म्हणेन. कॅलिफोर्नियाचं ते सगळ्यात जुनं स्टेट पार्क, 1902 चं, पण ऑगस्ट 2020 च्या वणव्यात जवळपास सगळंच होरपळलं. 2022 पासून थोडं थोडं उघडलंय आणि काळ्या पडलेल्या बुंध्यांना हिरवे फुटवे फुटलेत ते खरंच बघण्यासारखं आहे, पण पहिल्याच भेटीत आईला जळकं जंगल नको.

आता राहिलं म्युअर वूड्स. सुंदर आहे, वाद नाही. विल्यम केंट आणि त्यांच्या बायकोने ती जमीन विकत घेऊन सरकारला देऊन टाकली, म्हणून 1908 साली ते वाचलं, नाहीतर तिथे धरण व्हायचं चाललं होतं. मुख्य वाट सपाट, बरीचशी लाकडी फळ्यांची. पुलावरून परत फिरता येतं, दुसऱ्या पुलापर्यंत जाऊन यायला अर्धा तास, तिसऱ्यापर्यंत तास. पण 2018 पासून पार्किंगचं किंवा शटलचं रिझर्वेशन आधी केल्याशिवाय आत घेत नाहीत आणि तिकीट वेगळं, सध्या माणशी 15 डॉलर, 15 वर्षांपर्यंतची मुलं फुकट. पूर्वी आम्ही रस्त्याच्या कडेला कुठेतरी गाडी लावून मैलभर चालत जायचो, ते दिवस गेले. आणि हो, तिथे फोनला रेंज नसते. रिझर्वेशनचा क्यूआर कोड घरूनच डाउनलोड करा, गेटवर उभं राहून मेल शोधणारे लोक मी दर वेळी बघते आणि त्यात आपला एक तरी असतोच.

तुमच्यासाठी माझं उत्तर मात्र वेगळंच आहे, सांताक्रूझजवळच्या फेल्टनचं हेन्री कॉवेल स्टेट पार्क. फ्रीमाँटहून ट्रॅफिक नसेल तर तासाभरात. जुन्या झाडांची जी वाट आहे ती पाऊण मैलाच्या थोडी वर, पूर्ण सपाट, व्हीलचेअर जाते. सगळ्यात उंच झाड पावणेतीनशे फुटांच्या आसपास म्हणजे आपल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरएवढं, बाबांना असंच सांगा. रिझर्वेशनची कटकट नाही, फक्त गाडीचे पैसे. एक पोकळ झाड आहे त्याच्या आत वाकून शिरता येतं, आत चार-पाच माणसं आरामात उभी राहतात. बाबांना (छातीच्या उंचीवर घेर मोजायची सवय असणारच) वेळ द्या, घाई करू नका. एकाच्या भोवती गोल करून उभी असलेली झाडं दाखवा, मधलं म्हातारं झाड पडलं किंवा तोडलं की त्याच्या बुडातून केळीला पिलं फुटतात तशी पिलं फुटतात, तीच मोठी झालेली. फॉरेस्टवाल्या माणसाला हे पटकन कळेल. आणि एवढ्या उंचीच्या झाडाची मुळं मात्र खोल जात नाहीत, दहा-बारा फूट फार तर, आडवी शंभर फूट पसरतात आणि शेजारच्याच्या मुळांत गुंततात.

आईच्या गाडी लागण्याचं बघा कारण हायवे 17 म्हणजे घाटच आहे. तिला पुढे बसवा, आवळासुपारी द्या, आणि शनिवारी सकाळी आठच्या आत निघा, नंतर सांताक्रूझच्या बीचची गर्दी लागते. तसं म्युअर वूड्सला जातानाही शेवटची वळणं आहेतच, त्यातून सुटका नाही. पार्कला लागूनच नॅरो गेजची वाफेची गाडी आहे, झाडांतून डोंगरावर जाऊन सव्वा तासात परत आणते. वर एका ठिकाणी ती मागे-पुढे करत चढते. माथेरानची गाडी आठवून आई खूश होईल, गुडघ्यांनाही आराम.

स्वेटर! अमेरिकेत उन्हाळा म्हणून सगळे स्वेटर साताऱ्यात ठेवून येतात आणि इथे धुक्यात कुडकुडतात. त्या धुक्यावरच ही झाडं जगतात हो, जूनपासून पाऊस जवळपास नसतो, वर्षाच्या पाण्यापैकी साधारण तिसरा हिस्सा धुकं पानांवरून टपकतं त्यातून मिळतो. बाबांच्या सामानात एक कानटोपी टाकायला सांगा.

डबा न्या, पिकनिकची जागा आहे, पण चिवडा जपून. मार्बल्ड मर्लेट नावाचा एक समुद्रपक्षी आहे, मासे समुद्रात पकडतो आणि अंडं घालायला या जुन्या झाडांच्या शेवाळलेल्या फांदीवर येतो, त्याचं घरटं कुठे असतं हे इथे 1974 पर्यंत कुणाला माहीतच नव्हतं, बिग बेसिनमध्ये झाडावर चढलेल्या एका माणसाला सापडलं. आपण सांडलेल्या खाऊवर निळे ‘जे’ पक्षी आणि डोमकावळे जमतात आणि मग तेच त्याची अंडी खातात. म्हणून थालीपीठ बरं, शेव-चिवडा नको. आणि तीन-तीन पानांचं झुडूप दिसलं तर हात लावू नका, पॉयझन ओक असतं, अंगाला प्रचंड खाज सुटते.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा हट्ट करतोय की जगातलं सगळ्यात उंच झाड हायपेरिअन बघायचंच. वाट कशी आहे?
– सॅन होझेचा एक बाबा

उत्तर : वाट नाहीच. 2006 साली ते वरच्या रेडवूड नॅशनल पार्कात सापडलं, 115 मीटरच्या वर उंच, आणि मग लोक झाडी तुडवत, मुळांवर नाचत तिथे जायला लागले, तेव्हा 2022 पासून तो भागच बंद केलाय. पकडलं तर 5,000 डॉलर दंड आणि सहा महिने तुरुंगवास होऊ शकतो. शिवाय बुंध्यापाशी उभं राहून शेंडा दिसतच नाही, हे मुलाला आधीच सांगा. त्यापेक्षा त्याच नॅशनल पार्कातल्या लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हला न्या, दीड मैलाची सोपी वाट आणि सुरुवातीलाच रस्त्यावरून जाणारा पूल. फर्न कॅनियनही मुलांना वेड लावतं, दोन्ही बाजूंना नेच्यांनी भरलेल्या उभ्या भिंती आणि मधून ओढा, पण 15 मे ते 15 सप्टेंबर तिथे ऑनलाइन परमिट लागतं. जास्तीचे मोजे न्या, पाय भिजतातच.

प्रश्न : बुंध्यातून गाडी जाते ते झाड योसेमिटीत आहे ना? आम्ही पुण्याहून येतोय, मोठी एसयूव्ही भाड्याने घेतलीय.
– पुण्याचे एक काका

उत्तर : काका, ते योसेमिटीतलं झाड 1969 सालीच पडलं, आणि ते रेडवूडचं चुलतभावंड होतं, जायंट सिक्वोया. आता बघायचं तर लेगेट गावात शँडेलिअर ट्री आहे, खाजगी जागेत, तिकीट काढून. पण भोक सहा फुटांच्या आसपासच रुंद आहे, तुमच्या मोठ्या गाडीचे आरसे मिटूनसुद्धा घासायची भीती आहे आणि भाड्याच्या गाडीला ओरखडा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गाडी बाहेर लावा, काकूंना घेऊन चालत आरपार जा, फोटोही चांगला येतो.