दाती, हिलोनी आणि आपली 'दाद'

प्रश्न असा आला आहे: "इस्रायलमधल्या एका पाहणीवर लिहितो आहे. तिथल्या ज्यूंचे, धर्माचे नियम किती पाळतात त्यावरून, सर्वांत काटेकोर ते सर्वांत सैल या क्रमाने हरेदी, दाती, मसोर्ती आणि हिलोनी असे चार गट सांगितले आहेत. हिलोनीला मराठीत 'धर्मनिरपेक्ष' म्हणावं की 'निधर्मी'?"

दोन्ही नको. धर्मनिरपेक्ष असतं ते राज्य किंवा राज्यघटना. "निम्मे ज्यू धर्मनिरपेक्ष" असं छापलेलं मी इतक्या वेळा वाचलं आहे की आता चीड येते. 'निधर्मी' तर त्याहून चूक. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इस्रायलमधल्या ४९ टक्के ज्यूंनी स्वतःला हिलोनी म्हटलं. त्याच हिलोनींपैकी ८७ टक्के लोक ज्यूंच्या आदल्या वल्हांडणाच्या सणाला सेदेरच्या, म्हणजे त्या सणाच्या विधीपूर्वक जेवणाला बसले होते. असा माणूस निधर्मी कसा? हिलोनीच्या मुळाशी 'होल' आहे, म्हणजे पवित्र नसलेलं, रोजचं. आपल्याकडचा 'प्रापंचिक' त्याच्या जवळ जातो, पण "प्रापंचिक ज्यू" म्हटलं की बायकामुलांचा माणूस डोळ्यांपुढे येतो. म्हणून तोही नाही.

पण खरी गंमत 'दाती'त आहे. त्याच पाहणीत १३ टक्के ज्यूंनी स्वतःला दाती म्हटलं. आज हिब्रूत 'दात' म्हणजे धर्म आणि दाती म्हणजे धर्म पाळणारा. मात्र हा शब्द मुळात हिब्रू नाही, इराणी आहे. बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक उघडा. राजाचा हुकूम, पारसी आणि मेदी या प्राचीन इराणी लोकांचे कायदे, सगळीकडे 'दात' येतो, आणि त्याचा अर्थ धर्म नसून कायदा आहे. प्राचीन इराणी सम्राट दारयवहूच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात हाच शब्द 'दात' म्हणून कोरलेला आहे. त्याचा धातू 'दा', म्हणजे ठेवणे, घालून देणे. संस्कृतात तोच 'धा', आणि त्याचं रूप 'हित'. म्हणजे आपले विहित आणि संहिता हे दातीचे सख्खे चुलतभाऊ झाले! घालून दिलेला तो नियम, एकत्र मांडलेली ती संहिता.

इराणी 'दात' पुढे फारसीत 'दाद' झाला, अर्थ न्याय. तिथून तो मराठीत आला. कोर्टात आपण दाद मागतो ती हीच. दाद ना फिर्याद, यातली दादही हीच. दाद ही 'देणे'वरून आली, फारसी 'दादन' म्हणजे देणे, असं अनेक कोशकार सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. दाद मागणारा दान मागत नाही, नियमाप्रमाणे आपलं जे आहे ते मागतो. फारसीत 'देणे' आणि 'ठेवणे' हे दोन धातू एकसारखे दिसू लागले म्हणून दोन अर्थ एका मुळाला बांधायचे, ही कोशातली आळशी सवय आहे. गायकाच्या जागेला आपण दाद देतो तीसुद्धा माझ्या मते बक्षिशी नव्हे. त्या सुराला जे द्यायला हवं ते देणं आहे, न्यायच आहे. जेरुसलेममध्ये पाहणीच्या प्रश्नावलीत "मी दाती" असं सांगणारा माणूस आणि तालुक्याच्या कचेरीत दाद मागणारा शेतकरी एकाच शब्दाची दोन टोकं धरून उभे आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

तुमच्या मजकुरात चारही शब्द तसेच राहू द्या आणि पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा. हिलोनीला "रोजच्या जगण्यात धर्माचे नियम न पाळणारे" पुरे. हरेदीला 'कट्टर' लिहू नका. त्याचा अर्थ देवाच्या शब्दापुढे थरथरणारा.

अमेरिकेतल्या ज्यूंची पाहणी हाताशी घेतलीत तर तिथे हे चार शब्द मिळणार नाहीत. तिथल्या शाखा वेगळ्या. प्यूच्याच २०२० च्या पाहणीत ३७ टक्के रिफॉर्म, १७ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, ९ टक्के ऑर्थोडॉक्स होते, आणि ३२ टक्क्यांनी कुठलीच शाखा सांगितली नाही. यातल्या कॉन्झर्व्हेटिव्हचं 'पुराणमतवादी' करू नका. ती रिफॉर्म आणि ऑर्थोडॉक्स यांच्या मधली शाखा आहे, आणि तिच्यात १९८५ पासून स्त्रिया रब्बी, म्हणजे धर्मगुरू होतात.