आधी पायी, मग चाकावर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. रविवारी ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर चहा पिताना तू जो प्रश्न विचारलास, त्याचे उत्तर मी तिथे मुद्दामच दिले नाही. तुझे चार मित्र भोवती उभे होते. त्यांच्यादेखत मी बोललो असतो, तर तू ते ऐकले नसतेस, नुसते सहन केले असतेस. तू म्हणालीस, "काका, मागच्या डोंगरवाटेवरच्या सायकल शर्यतीत त्या कातळाच्या पायरीपाशी मी सायकलवरून उतरून पायी गेले, म्हणून पोरे अजून हसतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच वाट आहे. या वेळी चालवतच उतरू का?"

तुझे पाय तयार आहेत, हे मी येऊरच्या चढावर कित्येक सकाळी पाहिले आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. मी तुला उलट विचारले होते, की ती पायरी तू खाली उभी राहून कधी पाहिली आहेस का. त्यावर तू म्हणालीस, की व्हिडिओ पाहिला आहे. मला राग आला तो इथे. हेल्मेटवर लावलेल्या कॅमेऱ्याच्या रुंद भिंगातून कुठलाही उतार सपाट दिसतो. जी पायरी तुझ्या कमरेला लागेल, ती त्यात घराच्या उंबरठ्याएवढी दिसते. शिवाय तो व्हिडिओ दुसऱ्याच्या सायकलचा, दुसऱ्याच्या वजनाचा आणि दुसऱ्याच दिवशीच्या कोरड्या दगडाचा असतो. जे पायी पाहिले नाही, ते चाकाने उतरायचे नाही. गेली कित्येक वर्षे मी हे एकच वाक्य बोलत आलो आहे आणि या पत्रातही तेच पुन्हा पुन्हा येणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

पायी पाहणे म्हणजे सायकल हातात धरून कडेने खाली जाणे नव्हे. वरून पाहिले तर पायरीचा फक्त काठ दिसतो, त्यापुढे काय आहे ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या जागेत मन आपल्या भीतीप्रमाणे किंवा आपल्या गर्वाप्रमाणे काहीही भरून टाकते. म्हणून सायकल झाडाला टेकवून ठेवायची, पायरीच्या खाली पाच-सात पावले जायचे आणि मागे वळून वर बघायचे. उतार खालूनच कळतो. कातळाला भेग कुठे आहे, त्या भेगेत पुढचे चाक अडकेल का, खाली मुरूम घट्ट बसलेला आहे की सुटा झाला आहे, आणि पायरी उतरल्यावर चाक सरळ धावायला किती जागा उरते, हे सगळे तिथून दिसते. मग तीन जागा मनाशी पक्क्या करायच्या: चाक काठावर कुठे न्यायचे, पुढच्या ब्रेकवरचे बोट कुठे सैल करायचे आणि नजर कुठे ठेवायची. वेग काठाच्या आधी कमी करायचा असतो. पुढचे चाक खाली खळग्यात बसत असतानाच पुढचा ब्रेक आवळला, तर सायकल जागेवर थांबते आणि माणूस हँडलबारवरून पुढे जातो. दगडावर हात फिरवून बघ. आपला काळा कातळ पावसाळ्यानंतर कितीतरी दिवस सावलीच्या बाजूने शेवाळलेला असतो, आणि पहाटेचे दव पडले की त्याच दगडावर दुपारी मिळणारी पकड सकाळी मिळत नाही.

हे सगळे पाहून झाल्यावर निर्णय घ्यायचा. तो चालवण्याचा असो, सोपी बी लाइन, म्हणजे अवघड जागेला बगल देणारी वाट, धरण्याचा असो की उतरून चालण्याचा असो, तो आदल्या दिवशी खाली उभे राहून घ्यायचा; शर्यतीत त्या काठावर पोहोचल्यावर नाही.

आता तुझी खरी चूक सांगतो, कारण तुझ्या मित्रांना ती दिसलेलीच नाही. त्या दिवशी त्या वळणावर शिट्टी घेऊन मीच उभा होतो. तू उतरून चाललीस, यात काहीच वावगे नव्हते. पण तू ऐन काठावर, वाटेच्या मधोमध उतरलीस. तुझ्या मागच्या दोघांना उतारावर ब्रेक दाबावे लागले आणि त्यातल्या एकाची सायकल आडवी झाली. सायकल हातात धरून चालणाऱ्याने चालवणाऱ्याला वाट द्यायची, ही या खेळातली जुनी रीत आहे. उतरायचे तर दहा-पंधरा मीटर आधी, रुंद जागा बघून, कडेला उतरायचे. हे तुला त्या दिवशी मी कडक आवाजात सांगितले. आवाज चढला याचे वाईट वाटते, बोललो याचे वाटत नाही.

मी असा का झालो, ते एकदा नीट लिहितो.

2013 सालच्या डिसेंबरात सह्याद्रीच्या पायथ्याशी एक शर्यत होती. वागळे इस्टेटमधली माझी रात्रपाळी संपवून मी तसाच गाडीत बसलो आणि उजाडताना तिथे पोहोचलो. आदल्या दिवशी वाट पाहून घेण्याची मुभा होती, पण मी गेलो नव्हतो. पंधरा वर्षे सायकल चालवत असल्याचा मला भारी अभिमान होता. दुसऱ्या फेरीत एका पायरीवर माझे पुढचे चाक भेगेत बसले आणि मी डावीकडे फेकला गेलो. मला कोपरभर खरचटले, बाकी काही नाही. पण माझी सायकल वाटेत आडवी राहिली. मी उठून ती ओढायच्या आत मागून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तिच्यावर आदळला. त्याची मनगटाजवळची दोन्ही हाडे मोडली. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, आणि त्या वर्षीची मैदानी चाचणी त्याच्या हातून गेली.

मी काय केले असेल? मी आयोजकांना तीन पानी तक्रार लिहिली. पायरी धोकादायक होती, सूचना नव्हती, मार्शल, म्हणजे वाटेवर लक्ष ठेवणारा माणूस, लांब होता, असे सगळे लिहिले आणि दोन वर्षे भेटेल त्याला तेच सांगत राहिलो. मग त्याच वाटेवर स्वयंसेवक म्हणून जाण्याची वेळ आली आणि त्या पायरीच्या खाली मी पहिल्यांदा पायांवर उभा राहिलो. भेगेच्या डावीकडे हातभर अंतरावर सपाट, गुळगुळीत उतरण होती. शाळकरी पोरालाही दिसली असती. काठाच्या आधी झाडावर खाली टोक केलेले तीन बाण लावलेले होते, आणि ते माझ्या शर्यतीच्या दिवशीही तसेच होते, हे जुन्या छायाचित्रांत मी नंतर पाहिले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांत खाली टोकाचा एक बाण म्हणजे पुढे धोका, दोन म्हणजे जास्त धोका आणि तीन म्हणजे गंभीर धोका, वेग कमी करा. ते बाण मला वाचता येत नव्हते. त्या मुलाच्या घरी मी गेलो, तोवर दोन वर्षे उलटली होती. त्याने मला चहा दिला, आणि बोलताना तो मनगट सारखे दुसऱ्या हाताने चोळत होता. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आयोजकांची जबाबदारी मी हलकी करत नाही. वाट आखणे, झाडांना गाद्या बांधणे, वळणावर मार्शल उभे करणे, रुग्णवाहिका पोहोचेल असा रस्ता मोकळा ठेवणे, ही कामे त्यांचीच आहेत, आणि त्यात कुचराई दिसली तर शर्यत सुरू होण्याआधी बोलायला हवे. पण बिब, म्हणजे शर्यतीचा क्रमांक, घेताना टेबलावर ज्या फॉर्मवर तू न वाचता सही करतेस, त्यात सगळ्या वाक्यांचा गोळाबेरीज अर्थ एकच असतो: कुठल्या वेगाने, कुठल्या जागेवरून, उतरायचे की नाही, हे ठरवणारी तू आहेस. ते काम दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही, प्रशिक्षकावरही नाही आणि माझ्यावरही नाही.

एकदा पाहिले म्हणजे झाले, असेही समजू नकोस. टोकियो ऑलिंपिकच्या पुरुषांच्या शर्यतीत, 26 जुलै 2021 रोजी इझूच्या वाटेवर, मॅथ्यू व्हान डर पूल हा जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंपैकी एक पहिल्याच फेरीत एका मोठ्या खडकावरून उलटून पडला. सरावाच्या वेळी तिथे लाकडी फळीचा उतार होता, शर्यतीच्या दिवशी तो काढलेला होता, आणि हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तो नंतर म्हणाला. त्याला शर्यत सोडावी लागली आणि सुवर्णपदक टॉम पिडकॉकने नेले. जगातल्या इतक्या तयारीच्या माणसाच्या हातून हे होते, तिथे आपण मागच्या वर्षीच्या आठवणीवर उतरायचे? आपल्या वाटांवर तर पन्नास सायकली गेल्या की मुरूम सुटतो, दगड हलतात आणि पहिल्या फेरीतली सोपी बाजू तिसऱ्या फेरीत अवघड होऊन बसते. शर्यतीच्या सकाळी पुन्हा चालून बघायचे. पाय दुखले तरी.

सायकलबद्दल थोडक्यात. ब्रेकचा दांडा हँडलबारला टेकत असेल, तर त्या सायकलने उतारावर जायचे नाही. साखळीचे तेल ब्रेकच्या डिस्कवर उडाले असेल, तर ब्रेकचे पॅड बदलायचे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा घालायचे नाही. माझ्या जुन्या हेल्मेटच्या आत, गादी काढल्यावर, नखाने ओढल्यासारखी एक बारीक रेघ सापडली होती. बाहेरून ते नव्यासारखे दिसत होते.

आणि वाटेत कुणी पडलेले दिसले, तर तुझी शर्यत तिथे थांबली. आधी एकाने वर, वळणाच्या अलीकडे जाऊन येणाऱ्यांना हात करून थांबवायचे, मग दुसऱ्याने पडलेल्याजवळ जायचे. मान दुखते म्हणत असेल तर त्याला उठवायचे नाही, हेल्मेट ओढून काढायचे नाही. मार्शलला हाक मारायची आणि 108 ला फोन करायचा. डोक्याला मार लागलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणत पुन्हा सायकलवर बसतो. तोच प्रश्न दोनदा विचारू लागला, उलटी झाली, डोके दुखते म्हणाला, तर त्याला त्या दिवशी चढू द्यायचे नाही, मग तो कितीही भांडो. त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो.

गेल्या वर्षी मी एका मुलाला ब्रेक ढिले आहेत म्हणून सुरुवातीच्या रेषेवरून परत पाठवले. त्याचे वडील सर्वांसमोर माझ्याशी भांडले, मी पोरांचा उत्साह मारतो असे म्हणाले, आणि गटातल्या काहींनी त्यांचीच बाजू घेतली. पुढच्या शर्यतीला मला मार्शल म्हणून बोलावले गेले नाही. मी त्या दिवसाचा पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी याच ठिकाणी येतो, की मी पुन्हा त्याला परतच पाठवीन. एका मनगटाचे देणे माझ्याकडे आहे. ते फेडायचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

तुझ्या मित्रांविषयी मी लिहिणार नव्हतो, तरी लिहितो. त्यांच्यातल्या एकानेही ती पायरी खाली उभे राहून पाहिलेली नाही. मी त्यांना विचारले. दोघे नशिबाने उतरले, एकाने तुझ्यासारखीच काठावर सायकल सोडली आणि एक तिथपर्यंत पोहोचलाच नाही. त्यांच्या हसण्याचे वजन करायचे ते एवढेच.

तेव्हा उतरू का, याचे उत्तर मी देणार नाही. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला उपवनला ये, दोन्ही सायकली गाडीवर बांधून आपण त्या पायरीपाशी जाऊ, आणि दव वाळेपर्यंत तू ती वरून, खालून, दोन्ही बाजूंनी बघ. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट पिशवीत ठेव. पायात चालण्याचे बूट घालून ये, ओल्या कातळावर पकड देणारे.

तुझा,
काका