डिग्रीवर 'डेटा सायन्स' लिहिलेलं असायलाच हवं का?

मे-जून आला की सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या करिअर सल्ल्याच्या ऑफिसात हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. बीएस्सी झालेली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, एकदा तर एका मुलीचे होणारे सासरे येऊन विचारून गेले. डेटा सायन्समध्ये जायचंय, पण ते नाव असलेला कोर्स पुण्यात, तोही महागडा. सोलापुरात राहून एमएस्सी स्टॅटिस्टिक्स नाहीतर एमसीए केलं, तर कंपन्या दारात तरी उभं करतील का?

मेघनाची गोष्ट सांगते. नाव बदललंय, घरच्या एकदोन गोष्टीही बदलल्यात.

मेघना इथल्याच एका कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झाली. मार्क चांगले. वडिलांचा पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना, यंत्रमाग मोजकेच, त्यातले निम्मे जुने. आली तेव्हा हातात पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं चकचकीत माहितीपत्रक होतं. एमएस्सी डेटा सायन्स, वर्षाला तीन लाख फी, हॉस्टेल वेगळं. तिथून रोज फोन यायचे, आठवड्यात पन्नास हजार भरा नाहीतर सीट जाईल. दुसरा पर्याय केगावला, आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात एमएस्सी स्टॅटिस्टिक्स. तिसरा एमसीए, मैत्रिणीच्या नादानं सीईटी दिली होती आणि ती बरी गेली होती.

वडील म्हणाले, "पैशाचं बघू मॅडम, माग गहाण टाकू. पण पोरीचं वाटोळं नको. स्टॅटिस्टिक्स म्हणजे ते जनगणनेचंच खातं ना? त्यात नोकरी कुठली आलीय?"

मी विषय बदलला आणि मेघनालाच विचारलं, या पत्रकात सरासरी पॅकेज छापलंय, तू संख्याशास्त्राची ना, तुला काय विचारावंसं वाटतं? ती जरा थांबली. "मध्यक किती ते, म्हणजे सगळे पगार ओळीनं लावले तर मधला कुठला. आणि किती जणांची सरासरी? ज्यांना नोकरी लागली त्यांचीच असणार, बाकीचे धरलेच नसतील." मग म्हणाली, "एकाला मोठं पॅकेज मिळालं असेल तर सरासरी वर जातीच की." मी तिला तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. पलीकडच्या मुलीला मध्यक हा शब्दच नवा होता. वरिष्ठांना विचारून कळवते म्हणाली. त्यानंतर पन्नास हजारांसाठी फोन आले, मध्यकासाठी आला नाही.

पुढच्या खेपेला तिन्ही अभ्यासक्रमांच्या प्रिंट आणायला सांगितल्या. हे मी सगळ्यांनाच सांगते आणि निम्मे लोक आणत नाहीत. कोर्सचं नाव असलेलं पहिलं पान मागे दुमडायचं आणि फक्त पेपरांची नावं वाचायची. पुण्याच्या कोर्सला पहिल्या सत्रात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, डेटा सायन्सची ओळख, संवादकौशल्य आणि संख्याशास्त्राचा एकच पेपर. त्या पेपरातले घटक मेघनानं पेन्सिलनं टिपत नेले. शेवटचे दोन सोडले तर सगळं तिचं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत झालेलं. पुढच्या सत्रांत मशीन लर्निंग (म्हणजे डेटावरून कॉम्प्युटरला शिकवणं), बिग डेटा, क्लाउड अशी भारदस्त नावं, पण त्याखालचं गणित कुठे शिकवणार हे शोधून सापडेना.

एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या कागदावर उलट प्रकार. रेषीय बीजगणित, संभाव्यता, अनुमानशास्त्र, रिग्रेशन, मल्टिव्हेरिएट. वाचताना झोप यावी अशी नावं. पण मशीन लर्निंगचं कुठलंही चांगलं पुस्तक उघडा, अर्धं पुस्तक याच मंडळींनी व्यापलेलं असतं. ज्याला सगळे पीसीए म्हणतात, म्हणजे खूप रकान्यांचा डेटा मोजक्या रकान्यांत आणायची रीत, ते कार्ल पिअर्सननं 1901 मध्ये मांडलं. हो की नाही याचा अंदाज बांधणारं लॉजिस्टिक रिग्रेशन डेव्हिड कॉक्सनं 1958 च्या सुमाराला रुळवलं. दोन बिंदूंमधलं अंतर मोजायची संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची पद्धत 1936 ची, म्हणजे कॉम्प्युटर यायच्या आधीची. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचं नाव घेतलं तशी मेघना म्हणाली, "क्रेमर-राव असमानता, टीवायला शिकलोय की." राव तेलुगू घरातले, आधी आंध्र विद्यापीठातून गणित, मग 1943 मध्ये कोलकात्याहून संख्याशास्त्रात एमए, 2023 मध्ये वयाच्या 102 व्या वर्षी गेले. एवढं ऐकून वडील खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांच्याही घरात तेलुगूच बोलतात. जनगणनेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

माझं सांगणं पटत नसेल तर गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यासक्रम बघा, असंही म्हटलं. 2024 पासून गेटला 'डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स' असा वेगळा पेपर आहे. त्याची यादी संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कॅल्क्युलस यांनी सुरू होते. प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, मशीन लर्निंग नंतर येतात. ही परीक्षा आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी घेतात, पाया कशाला म्हणायचं हे त्यांना कळत असावं. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते, गुण तीन वर्षं चालतात. तीन वर्षांच्या बीएस्सीवर एमटेकला सहसा घेत नाहीत, पण एमएस्सी झाल्यावर अनेक ठिकाणी तो रस्ता उघडतो, आणि गेटवर प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये विद्यावेतनही आहे.

डेटा सायन्स नाव लावलेले सगळेच कोर्स पोकळ असतात असं मुळीच नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची एमएस्सी डेटा सायन्स 2018 पासून चालू आहे, आणि तिथली प्रवेश परीक्षा बघितली की कळतं गणिताला सुट्टी नाही. पेपर वाचा एवढंच माझं म्हणणं, पाटी नंतर बघा.

आता पैसे. वडील 'माग गहाण टाकू' म्हणाले तेव्हाच मी कागद पुढे ओढला होता. सहा लाख कर्ज, पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी तीन. हिशेबापुरता व्याजदर साडेदहा टक्के. शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. बऱ्याच घरांत हे बँकेचं पत्र आल्यावर कळतं. तीन वर्षांत साधं व्याजच 1,57,500 रुपये. ते मुद्दलात मिळवून सात वर्षांत फेडायचं तर हप्ता बसतो महिना जवळपास पावणेतेरा हजार. हॉस्टेल, मेस यात नाही. नवशिक्या अ‍ॅनालिस्टनं पुण्यातलं खोलीभाडं भरून हा हप्ता द्यायचा. वडिलांनी आकडा दोनदा वाचला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

एमसीएच्या बाजूनं एक मोठी गोष्ट होती जी दोघांनाही ठाऊक नव्हती. राज्य सरकारनं 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं, मुलगी आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गातली हवी, आणि प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत, मॅनेजमेंट कोटाही. म्हणजे त्या पुण्याच्या कोर्सला यातला रुपया लागू नाही, आणि सीईटीतून एमसीए मिळालं तर फीचा बहुतेक प्रश्न मिटतो. मेघनाचं घर या चौकटीत बसत होतं. अशा घरांना मी आजही आधी एमसीएच सुचवते. आणखी एक कारण आहे, आणि ते संख्याशास्त्राच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी लपवू नये. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पात्रतेत बीई, बीटेक, एमसीए एवढंच लिहिलेलं असतं. एमएस्सी स्टॅटिस्टिक्सवाल्याला तिथे फॉर्मच भरता येत नाही. त्याला बँका, विमा, औषधकंपन्यांचं क्लिनिकल ट्रायलचं काम, बाजारसंशोधन अशा दारांनी आत जावं लागतं. ती दारं आहेत, पण आपणहून शोधावी लागतात.

निर्णय घ्यायच्या आधी मी तिला एक काम दिलं. वडिलांच्या कारखान्याचं रोजचं रजिस्टर घे आणि त्यातून काय निघतं ते मला सांग. माझा हेतू एवढाच होता की हे काम तिला आवडतं का ते तिलाच कळावं. कोर्स निवडताना मुलं नोकरीचा विचार फार करतात, पण त्या नोकरीत दिवसभर करायचं काय, हे बघितलेलंच नसतं.

पहिले काही दिवस ती नुसती वैतागली. रजिस्टरात सेकंड माल, म्हणजे दोष निघालेले टॉवेल, कधी डझनात, कधी किलोत. कुठे वरच्या ओळीखाली ठिपके देऊन 'तेच'. काही रकाने कोरे. कोरं म्हणजे त्या मागावर सेकंड निघालाच नाही, की माग बंद होता, की लिहायचं राहिलं? वडिलांना विचारलं तर तिन्ही. लाईट गेलेल्या दिवसांची नोंद समासात, पेन्सिलनं. हे सगळं एका एक्सेलच्या तक्त्यात सरळ बसवण्यातच तिचा बहुतेक वेळ गेला. मी म्हटलं, नोकरीतही असंच असतं बाई, मॉडेल चालवायला दुपार पुरते, तोवरची साफसफाई आठवडे खाते.

मग तिनं बेरजा मांडल्या. वडिलांची जुनी तक्रार होती की रात्रपाळीचे कामगार झोपा काढतात, म्हणून सेकंड जास्त निघतो. बेरीज तेच सांगत होती: शेकडा हिशेब केला तर रात्रीचा सेकंड दिवसापेक्षा स्पष्ट जास्त. वडील खूश, "बघा, मी सांगत नव्हतो?" मेघनानं तिथे थांबायचं नाकारलं. तिनं मागवार वेगळं केलं. एकच माग घेऊन दिवस आणि रात्र शेजारी ठेवली तर फरक जवळजवळ उरतच नव्हता. नव्या मागावर दोन्ही पाळ्यांत सेकंड कमी, जुन्यावर दोन्ही पाळ्यांत जास्त. मग रात्रीची बेरीज फुगते कशी? तर वडील चांगल्या क्वालिटीची ऑर्डर स्वतःच्या डोळ्यादेखत दिवसा नव्या मागांवर घ्यायचे, आणि रात्री चालायचे मुख्यतः जुने माग, साध्या मालासाठी. दोष मागाचा, बोलणी माणसाला.

बीएस्सीला तिनं हे शिकलेलं होतं, परीक्षेत व्याख्याही लिहिली होती. पाळी आणि माग एकमेकांत गुंतलेले आहेत हे ओळखायला तिला पायथन लागलं नाही, वडिलांचं कामाचं वेळापत्रक माहीत असावं लागलं. वडील थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग मला म्हणाले, "माग दुरुस्तीला जॉबरला बोलवायला पाहिजे. दोन नंबरचा माग तसा बरेच दिवस आवाज करतोय."

त्यानंतर मेघनानं केगाव धरलं. एमसीएची फीमाफी मी तिला परत एकदा मोजून दाखवली, ती म्हणाली, मॅडम, मला कोड लिहायला चालेल, पण 'असं का झालं' हेच मला बघायचंय. हे ऐकल्यावर मी हट्ट धरला नाही. घरी राहून जायचं म्हणजे फी सोडली तर बसचा पास आणि डबा एवढाच खर्च. पुण्याच्या सीटसाठी पन्नास हजार भरले नव्हते ते एक बरं.

एमएस्सीत जे शिकवलं जाणार नाही ते आपणच भरून काढायचं, हे मात्र मी तिच्याकडून लिहून घेतलं. सर्वांत आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, कारण अ‍ॅनालिस्टच्या मुलाखती बहुतेक तिथूनच सुरू होतात आणि स्टॅटिस्टिक्सची मुलं तिथेच गळतात. मग पायथन. संख्याशास्त्रासाठी वापरतात ती 'आर' ही भाषा तिला येतच होती. गिटहब या कोड मांडायच्या वेबसाइटवर स्वतःची दोनतीन कामं नीट मांडलेली, त्यातलं एक टॉवेलचं रजिस्टर, घरचे आकडे झाकून. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे एमएस्सीच्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट असतो. पुष्कळ मुलं तो कुठल्या तरी ओळखीच्या सहीवर उरकतात. मेघनानं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदाराकडे स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी आधी टायपिंगचंच काम दिलं. तिनं ते करता करता परत आलेल्या मालाची कारणं वेगळी काढली, तेव्हा मालकानं मीटिंगमध्ये बसवून घेतलं.

हाच सल्ला सगळ्यांना देत नाही. त्याच सुमाराला बीकॉम झालेला एक मुलगा आला होता, त्यालाही डेटा सायन्सच करायचं होतं. बारावीला गणित घेतलं होतं, त्यामुळे एमसीएला तो पात्र होता. पण संभाव्यतेचं नाव काढलं की चेहरा पडायचा. त्याला मी कुठल्याच प्रवेशाचं आधी बोलले नाही. बारावीचं गणिताचं पुस्तक काढ, संभाव्यतेचं आणि मॅट्रिक्सचं प्रकरण एकट्यानं सोडव, मग ये, एवढंच सांगितलं. तो महिन्याभरानं आला. संभाव्यतेची गणितं सुटली होती, पण त्यात गोडी लागली नाही म्हणाला. मॅट्रिक्सला हात लावला नव्हता. टॅली आणि जीएसटीचं काम मात्र त्याला मनापासून आवडतं. सध्या नव्या पेठेत एका कर सल्लागाराकडे आहे, एक्सेलमध्ये मला शिकवेल इतका तरबेज झालाय.