रामलिंगच्या जंगलात पहिल्यांदा जाताना

अरे, आपलं सोलापूर सपाट, पोटऱ्यांना चढाची सवय नसते. आधी १५ दिवस जिने चढ-उतर कर. पहिल्या डोंगरफेरीला येडशीजवळचं रामलिंग अभयारण्य चांगलं, पण वाट वनरक्षकाला विचारूनच धर. पाणी माणशी ३ लिटर. सोबत कडक भाकरी नि शेंगाचटणी. बाहेरच्या पाकिटांपेक्षा मला तीच भरवशाची वाटते.

खरी काळजी उतरताना. सुकलेल्या पानांखाली खडी सरकते, माझा घोटा तसाच मुरगळला होता. नुसती टाच टेकवू नकोस, गुडघा किंचित वाकवून अख्खा तळवा ठेव. प्रत्येक फाट्यावर मागं वळून वाट बघून ठेव, फोटो काढ. निम्मा वेळ सरला नि निम्मी फेरी झाली नसेल, तर आल्या वाटेनंच परत फिर.