बी.एड.च्या सराव पाठांचे मोबाइलवर चित्रीकरण करून ते व्हॉट्सॲप गटावर टाकणे योग्य आहे का?

प्रत्येक सराव पाठाचे चित्रीकरण करून ते गटावर टाकावे, असे महाविद्यालयाने सांगितल्यामुळे आपण हा प्रश्न विचारला आहे. मी जळगाव जिल्ह्यात बी.एड.च्या विद्यार्थ्यांना सराव पाठांसाठी मार्गदर्शन करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, चित्रीकरण अवश्य करावे, परंतु ते गटावर मुळीच टाकू नये.

सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे मोजक्या विद्यार्थ्यांसमोर छोटा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव करण्याची पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली, तेव्हापासून स्वतःचे अध्यापन स्वतः पाहणे हा तिचा महत्त्वाचा भाग आहे. आपल्याकडे प्रचलित असलेल्या ३६ मिनिटांच्या चक्रात प्रत्याभरणाला, म्हणजे पाठ कसा झाला हे सांगण्याला दोनदा सहा-सहा मिनिटे मिळतात. मात्र चित्रफीत नसेल, तर ती वेळ बहुधा ‘फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट’ अशा वहीतल्या शेऱ्यांतच संपते. सहावीच्या वर्गात बाष्पीभवनाचा पाठ चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच ‘पानी उडी जास’ (पाणी उडून जाते) असे म्हणाला. छात्राध्यापिका फळ्याकडे वळलेली होती, त्यामुळे तिला ते ऐकू आले नाही आणि निरीक्षकाच्या वहीतही ते उतरले नाही. मोबाइल मागच्या भिंतीशी ठेवलेला असल्याने ते चित्रफितीत स्पष्ट ऐकू आले. अहिराणीतले ते उत्तर अचूक होते आणि पुढचा सगळा पाठ त्यावरच उभा राहू शकला असता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरे अधिक विस्तृत होतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी दाखवून दिले आहे. आपण किती थांबतो, हे चित्रफितीतच मोजता येते.

मात्र या चित्रफितीत दुसऱ्यांची मुले असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली आहे. म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी पुरेशी समजू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत पालक भेटणे अवघड असते, तेव्हा लेखी संमती आधीच्या पालक सभेतच घ्यावी. मोबाइल वर्गाच्या मागे ठेवावा, म्हणजे मुलांचे चेहरे फारसे दिसत नाहीत.

चित्रफीत छात्राध्यापकाकडेच राहावी, मार्गदर्शकाने ती त्याच्यासोबत बसून पाहावी आणि चर्चा झाल्यावर ती पुसून टाकावी. तिच्यावर गुण तर अजिबात देऊ नयेत. गुण जोडले की हुशार मुले पुढे बसवून पाठांतर केलेला पाठ चित्रित होतो आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा चित्रफितीतूनही बाहेर जातो. प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्याल, तेव्हा चित्रीकरणाला विरोध नोंदवू नका, फक्त गटावर टाकण्याची अट काढण्याची आणि पालकांच्या संमतीचा नमुना महाविद्यालयाने पुरवण्याची मागणी करा.