दहा हजार लावलेले, मग विमान वर गेलं कसं?

प्रश्न: माझा भाचा एका विमान कंपनीत को-पायलट आहे. चवथीला घरी आला तर गप्प गप्प, नेवऱ्यांना पण हात लावेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, १०,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं आणि विमान १०,४०० पर्यंत गेलं, ऑटोपायलट चालू असताना! आता ऑफिसात सगळं लिहून द्यावं लागलंय. मला सांगा, मशीन चालवतंय तर चूक माणसाची कशी? आणि हे दोघे तेव्हा काय मोबाईल बघत होते?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, मोबाईल नाही हो, आणि झोपले पण नसणार. उलट बहुतेक वेळा हे घडतं तेव्हा दोघं पायलट जरा जास्तच कामात असतात.

मी कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना उंची सांगणारा, बरीच वर्षं रडारसमोर बसलोय. पडद्यावर प्रत्येक विमानाच्या ठिपक्याला छोटं लेबल चिकटलेलं असतं आणि त्यात उंची शंभरच्या हिशोबात दिसते, म्हणजे ०९८ हे ९,८०० फूट. ०९८, ०९९, १००... आणि आता थांबणार म्हणून आपण दुसऱ्या विमानाकडे बघायला लागतो तेवढ्यात १०१, मग १०२, १०३, की पोटात खड्डाच पडतो. ३०० फुटांपेक्षा जास्त सरकलं की आमच्या भाषेत ते लेव्हल बस्ट.

तुम्ही रायबंदरहून चोडणला फेरीने गेला असाल. फेरी धक्क्याला येऊन ब्रेक मारत नाही, चालवणारा आधीच इंजिन कमी करतो आणि उरलेलं अंतर ती अलगद सरकत येते. ऑटोपायलट पण तसंच करतो. विमान मिनिटाला २,००० फूट चढत असेल तर शेवटचे १,००० फूट अर्ध्या मिनिटात संपतात, म्हणून तो आधीपासूनच नाक हळूहळू खाली घ्यायला लागतो, ह्याला कॅप्चर म्हणतात. आणि सगळी गोम ह्या थोड्याशा सेकंदांत आहे.

समजा विमान ९,६०० वर आहे, कॅप्चर सुरू झालाय, आणि नेमका तेव्हाच कंट्रोलर (म्हणजे आम्हीच, कबूल करतो) वर दुसरं विमान दिसलं म्हणून सांगतो की १०,००० नको, ९,००० वर या. पायलट लगेच उंची लावायचा नॉब फिरवून ९,००० लावतो. झालं! बऱ्याच विमानांत कॅप्चर चालू असताना नॉब फिरवला की कॅप्चर सुटतो आणि ऑटोपायलट म्हणतो, ठीक आहे, मी आत्ता ज्या रेटने चढतोय त्याच रेटने चढत राहतो. आता ९,००० तर मागे खाली राहिलं, वर वाटेत थांबायला आकडाच नाही, त्यामुळे नॉबजवळच्या आकड्याच्या चौकटीत ९,००० स्वच्छ दिसतंय आणि विमान आपलं वर चाललंय. जुन्या एमडी-८० वर तर चढायच्या रेटचं चाक त्या वेळी नुसतं हललं तरी कॅप्चर मरायचा.

म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं, ते ज्या मोडमध्ये होतं त्या मोडचं काम इमानदारीत करत होतं. नॉबवरचा आकडा ही फक्त तुमची इच्छा, विमान खरं काय करतंय ते स्क्रीनच्या वरच्या कडेला एका पट्टीत चारपाच अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ती पट्टी न वाचणं ही माणसाची चूक. म्हणून शिकवतात की नॉब फिरवला की आकड्याकडे बोट कर आणि पट्टी मोठ्याने वाच. पण मध्येच रेडिओ वाजतो, चेकलिस्ट असते, पाऊस असतो, आणि वाचायचं राहतं.

कधी कधी भानगड त्याच्याही आधीची असते. वन झीरो थाउजंड आणि वन वन थाउजंड हे खरखरत्या रेडिओवर ऐकून बघा कधी. चुकीचं ऐकून ११,००० लावले तर ऑटोपायलट अगदी सुंदर ११,००० वर जाऊन थांबेल, बिचाऱ्याला काय माहीत.

४०० फूट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दोन विमानांत वरखाली १,००० फूटच ठेवतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरयाणात चरखी दादरीवर सौदीचं जंबो १४,००० वर आणि कझाकस्तानचं विमान १५,००० वर असायला हवं होतं, ते दुसरं खाली आलं आणि ३४९ माणसं गेली. तिथे कारण वेगळं होतं, पण फरक तेवढ्याच हजार फुटांचा. त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळायचं यंत्र, टीकॅस, सक्तीचं झालं. आणि १९७२ मध्ये फ्लोरिडात एका जेटच्या कॉकपिटमधले सगळे चाक खाली आलं की नाही ते दाखवणाऱ्या एका बल्बकडे बघत बसले, ऑटोपायलटचा उंची धरून ठेवायचा मोड कुणाच्या तरी धक्क्याने सुटला, विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळलं. उंची सुटल्याची घंटा वाजली होती, कुणाच्या कानावर गेली नाही.

लिहून द्यावं लागलं ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. कॅप्चर कसा सुटतो हे जगाला कळलं ते अशाच लिहून दिलेल्या कागदांवरून, अमेरिकेत नासा १९७६ पासून पायलटांची नावं काढून असे किस्से गोळा करते. भाच्याला फक्त एवढं विचारा, नॉब कुणी आणि किती फुटांवर असताना फिरवला, आणि तेव्हा पट्टीवर काय होतं. उत्तर पटकन आलं तर नेवऱ्या वाढा.

प्रश्न: पावसाळ्यात मोपाला उतरताना विमानाचं उंचीचं मीटर चुकतं असं ऐकलं, खरं का?
– एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर: मीटर नाही चुकत, ते हवेच्या दाबावरून उंची काढतं, आणि त्यात लावायचा दाब लावायला माणूस विसरतो. उंचावर सगळे १०१३ मिलिबार हा एकच ठरलेला दाब लावून उडतात, खाली येताना विमानतळाचा दाब लावायचा. समजा पावसात तो १००५ आहे आणि पायलट १०१३ वरच राहिला, तर एका आकड्याला साधारण २८ फूट धरून मीटर ४,००० दाखवेल तेव्हा विमान सव्वादोनशे फूट खाली असेल. ऑटोपायलट चालू असला तरी, कारण तो त्याच मीटरवर विश्वास ठेवून बसलेला असतो.