‘ग्रो अ गार्डन’मध्ये तीनच स्लॉट असताना कोणते पेट ठेवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोब्लॉक्सवरच्या ‘ग्रो अ गार्डन’ या बागेच्या गेममध्ये 5 कोटी शेकल (गेममधले पैसे) साठलेत, पेटसाठी (बागेत मदत करणारे प्राणी) तीनच स्लॉट, म्हणजे जागा आहेत. ते सगळे एका बग एगवर (नशिबाने एखादा पेट निघतो असं अंडं) घालून ड्रॅगनफ्लाय हा दुर्मिळ पेट मिळतो का बघावं, की दुसरे पेट ठेवावेत?

बग एग सध्या घेऊ नका. त्यातून ड्रॅगनफ्लाय निघण्याची शक्यता 1 टक्का आहे. दहा एग फोडली तरी तो एकदा तरी मिळण्याची शक्यता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, शंभर फोडली तर 63 टक्के. म्हणजे 500 कोटी ओतूनही तिघांपैकी एकजण रिकाम्या हाताने परततो. बहुतेक वेळा निघतात ते गोगलगाय, मुंगी नाहीतर सुरवंट. (हे आणि खालचे आकडे 2025च्या उन्हाळ्यातले आहेत. अपडेटमध्ये ते हलतात, म्हणून पेट घेण्याआधी त्याचं कार्ड उघडून वाचायची सवय ठेवा.)

आधी स्लॉट वाढवा. तीन स्लॉटमध्ये कितीही भारी पेट बसवलात तरी हात बांधलेलेच राहतात. एखादा पेट वय 20 पर्यंत वाढवून राफाएल या गेममधल्या पात्राला दिला की चौथा स्लॉट मिळतो, पुढच्या स्लॉटना वय 30, 45, 60 आणि 75 लागतं, एकूण आठपर्यंत. दिलेला पेट परत मिळत नाही, त्यामुळे आवडता पेट यात अडकवू नका. या कामाला स्टारफिश सर्वांत चांगला, कारण तो स्वतःच जादा एक्सपी (पेटचं वय वाढवणारे गुण) मिळवतो. उन्हाळ्यात तो कॉमन समर एगमधून 10 लाखांत निघायचा. आता दुकानात नसेल तर ट्रेडमध्ये, म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करून मागा. सोबत कॅपीबारा असेल तर दुधात साखर: त्याच्या आसपासच्या पेटना भूक लागत नाही, वर एक्सपीही मिळतो. भुकेचा पट्टा शून्यावर आला की पेट काम थांबवतो. ‘माझा पेट बिघडलाय’ अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याचदा तो फक्त उपाशी असतो. स्वस्त फळ हातात धरून त्याला खाऊ घाला.

आता मुख्य मुद्दा. ‘सर्वांत चांगला पेट’ असा एक काही नसतो. स्लॉटमध्ये या घडीला कोणतं काम चाललंय त्यावर पेट ठरतो, आणि पेट बदलायला पैसे पडत नाहीत. बरेचजण तेच तीन पेट महिनोन्महिने ठेवून बसतात, तिथे नुकसान होतं.

एग उबवणं घ्या. एग लावलंय आणि वेळ चालू आहे तेव्हा रूस्टर, कोंबडी किंवा ब्लड किवी स्लॉटमध्ये हवेत, ते वेळ कमी करतात. ब्राँटोसॉरस, ऑस्ट्रिच आणि कोई यांचा उपयोग मात्र एग फोडण्याच्या क्षणीच होतो: पहिल्याने पेट मोठ्या वजनाचा निघू शकतो, दुसऱ्याने जास्त वयाचा, तिसऱ्याने एग परत मिळू शकतं. ते चार तास स्लॉटमध्ये बसवून ठेवणं म्हणजे जागा अडवणं. वेळ संपली की त्यांना आत घ्या, एग फोडा, पुन्हा बाहेर काढा. वजनाकडे लक्ष द्या, कारण मोठा पेट तेच काम जास्त जोरात करतो.

बागेतून पैसे काढायचे असतील तर ड्रॅगनफ्लाय, बटरफ्लाय, डिस्को बी हे म्युटेशनवाले, म्हणजे फळात बदल करून त्याची किंमत वाढवणारे पेट. ड्रॅगनफ्लाय साधारण दर पाच मिनिटांनी एक फळ सोन्याचं करतो, म्हणजे किंमत 20 पट. पण फळ तो आपल्या मर्जीने निवडतो. बाग गाजर-टोमॅटोने भरलेली असेल तर सोनं गाजरावरच जाणार. म्हणून पेट घेण्याआधी फावड्याने स्वस्त झाडं काढून टाका आणि पुन्हा पुन्हा फळणारी झाडं ठेवा: आंबा, द्राक्ष, मिरची, कोको. तुमच्या 5 कोटींचा खरा उपयोग इथे आहे.

बटरफ्लायमध्ये सर्वांत जास्त लोक फसतात. तो साधारण अर्ध्या तासाने पाच किंवा जास्त म्युटेशन असलेलं फळ शोधतो, त्यावरची सगळी म्युटेशन पुसतो आणि फळ रेनबो करतो, म्हणजे 50 पट. फायदा की तोटा, हे आधी काय होतं त्यावर ठरतं. म्युटेशनच्या पटी गेम बेरजेने धरतो: सगळ्यांची बेरीज, वजा त्यांची संख्या, अधिक एक. फळावर (कंसात प्रत्येक म्युटेशनची पट) वेट (2), मूनलिट (2), चॉकलेट (2), पॉलिनेटेड (3) आणि हनीग्लेझ्ड (5) असेल तर बेरीज 14, वजा 5, अधिक 1, म्हणजे 10 पट. इथे बटरफ्लाय आला तर 10चे 50 झाले. पण तेच फळ वेट, मूनलिट, पॉलिनेटेड यांच्यासोबत शॉक्ड (100) आणि सेलेस्टियल (120) असेल तर हिशेब 223 पटींवर जातो आणि बटरफ्लाय त्याचे 50 करून ठेवतो. उपाय सोपा आहे: असं फळ दिसलं की त्याला फेव्हरिट करा, फेव्हरिट फळाला बटरफ्लाय हात लावत नाही. आणि रेनबो झालेलं फळ लगेच विकू नका. पुढे त्यावर बसणाऱ्या म्युटेशनची वरच्या हिशेबाने येणारी पट त्या 50ला गुणून येते.

रकूनबद्दल एवढंच सांगतो की तो शेजाऱ्याच्या बागेतल्या फळाची प्रत आणतो, शेजाऱ्याचं काही जात नाही. त्यामुळे त्याची किंमत सर्व्हरवर अवलंबून आहे. नवख्या लोकांच्या सर्व्हरमध्ये तो गाजरंच आणेल. ज्याच्या बागेत मोजकीच पण महागडी फळं आहेत, अशा मित्रासोबत खासगी सर्व्हरवर तो लावा.

तुमच्यासाठी आजची मांडणी सांगतो: दोन स्टारफिश आणि एक कॅपीबारा, चौथा-पाचवा स्लॉट उघडेपर्यंत. कॅपीबारा नसेल तर तिसराही स्टारफिश चालेल. ड्रॅगनफ्लाय नंतर एगमधून न काढता ट्रेडमध्ये घ्या, आणि व्यवहार ट्रेडिंग तिकिटाच्या खिडकीतूनच करा. ‘आधी तू गिफ्ट कर, मग मी करतो’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच निघा, कारण गिफ्ट केलेला पेट तुम्हाला परत घेता येत नाही.